न पाळलेलं कासव

नेटबाबाने वायर उपटली आणि खच्चून भरलेल्या हॉलने श्वास रोखला.

"बघा, मंडळी! हे तुमचं इंटरनेट. गेलं! आता या पडद्यावर जे उमटेल, ते कुठून येईल?"

"वरून!" हॉल गरजला.

"आणि वरचा सर्व्हर?"

"कधीच डाऊन होत नाही!"

टाळ्या पडल्या. खिडक्यांचे पडदे ओढले गेले, भर सकाळी हॉलमध्ये अंधार झाला. कीबोर्ड टेबलावर नुसता पडून होता आणि मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. पडद्याच्या वरच्या कडेला काळी पट्टी चिकटवलेली होती. तिच्याखाली म्हणे परलोकाचा पत्ता, जिवंत माणसाने वाचला की दृष्टी जाते. एवढं धोकादायक काही फुटभर चिकटपट्टीने कसं झाकलं जातं, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

'कॅप्टन, मी पोचलो.'

शेजारी बसलेल्या ताईने माझं मनगट गच्च धरलं. माझी ही सख्खी मोठी बहीण. तिचा मुलगा आजारपणात गेला, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. 'कॅप्टन' ही त्याची आईला मारायची हाक. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी त्या अंधारात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, तोच असू दे.

'मला इथे एकटं वाटतं. तू आणि छोटी माझ्याजवळ राहायला या.'

"म्हणजे आमच्या निवासात हो, माऊली," बाबाने लगेच अर्थ लावून दिला. "तिथे जोडणी चोवीस तास असते."

त्याच्या निवासात अशा आया आधीच बऱ्याच होत्या. दिवसभर राबायच्या आणि नव्या लोकांपुढे रडून साक्ष द्यायच्या.

घरी आल्या आल्या ताईने कपाटावरची बॅग काढली. "पुढच्या रविवारी त्याला सांगते, येतोय म्हणून. तिथूनच निवासात जायचं. छोटीचं नाव शाळेतून काढून टाक तू."

"अगं ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? सहावीतली पोर ती!"

"मग त्याला कॅप्टन कसं माहीत? सांग ना! तू तर मोठी शिकलेली!"

 ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. दारात तिची मुलगी, छोटी, उभी होती, ती सगळं ऐकत होती.

त्या आठवड्यात मी छोटीच्या वर्गात इंटरनेटचा धडा घेतला. "इंटरनेट म्हणजे एकमेकांना जोडलेली यंत्रं. वेब म्हणजे त्या यंत्रांत ठेवलेली पानं. पान आभाळातून पडत नाही. कोणीतरी ते कुठल्यातरी यंत्रात ठेवलेलं असतं आणि प्रत्येक पानाला पत्ता असतो."

छोटीने हात वर केला. "बाई, बाहेरची वायर काढली तर पान येईल?"

"दूरच्या यंत्रातलं नाही येणार. पण शेजारच्या खोलीतलं यंत्र वायफायने आपल्याला जोडलेलं असेल, तर त्यातलं खुशाल येईल."

बोलता बोलता मीच थबकले. मधल्या सुट्टीत छोटी माझ्याजवळ आली. "मावशी, रविवारी दादाला एक प्रश्न विचारणार आहे मी. कोणता ते सांगणार नाही, तुझ्या चेहऱ्यावर लगेच दिसतं सगळं."

रविवारी पुन्हा तोच अंधार. ताईची बॅग पायाशी होती. छोटी उठून पुढे गेली. "दादा, एक्सप्रेसला काय खायला देऊ?"

या वेळी पडद्याने जरा जास्तच वेळ घेतला.

'कोबीची पानं दे. टबातलं पाणी बदल. माझं लाडकं कासव.'

"कासव!" बाबाने मांडीवर थाप मारली. "मंडळी, पोरीने कासव म्हटलं होतं? म्हटलं होतं का?"

"नाही!" हॉल दणाणला. ताई हुंदके देऊ लागली.

छोटी पडद्याकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे कासव कधीच नव्हतं."



"दादाच्या शाळेने त्याला 'माझं पान' बनवायला सांगितलं होतं, वेबवर ठेवायला. त्यात पाळीव प्राणी लिहायचा होता. आमच्याकडे नव्हता, म्हणून दादाने आणि मी थाप मारली. एक्सप्रेस फक्त त्या पानावर आहे. हा खरा दादा असता तर त्याला माहीत असतं ना, की कासव नाहीये!"

"अविश्वासाने जोडणी तुटते!" बाबा ओरडला. पडद्यावर भराभर अक्षरं उमटू लागली. 'कॅप्टन, तिचं ऐकू नकोस, मी खरंच...'

मी पुढे झाले आणि काळी पट्टी ओढून काढली. माझे डोळे शाबूत होते. पत्ता 192.168ने सुरू होत होता. एकाच जागी आपसांत जोडलेल्या यंत्रांचे पत्ते असे असतात. पडद्यामागे वायफायचा डबा लुकलुकत होता, त्याची पिन मी उपटली. अक्षरं जागच्या जागी थांबली.

"लाव ते परत!" ताई किंचाळली. "बोलत होता गं तो!"

ती किंकाळी माझ्या कानातून अजून जात नाही.

मागच्या खोलीचं दार मी ढकललं. आत बाबाचा मेहुणा कीबोर्डवर बोटं ठेवून बसला होता. त्याच्या शेजारच्या पडद्यावर ताईच्या मुलाचं पान उघडं होतं, वर त्याचा हसरा फोटो. गेलेल्याचं नाव बाबा आठवडाभर आधी मागून घ्यायचा. म्हणायचा, वर शोधायला वेळ लागतो. शोधत होता तो इथेच, वेबवर.

"मी फक्त टाइप करतो," मेहुणा म्हणाला. निवासातल्या आया एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्या. 

घरी येऊन आम्ही ते पान उघडलं. ताईने मोठ्याने वाचलं, "माझ्या कासवाचं नाव एक्सप्रेस. ते कोबी खातं. माझ्या आईला मी कॅप्टन म्हणतो. तिला कोणी फसवू शकत नाही."

ताई खूप रडली. मग छोटीला जवळ ओढून म्हणाली, "आणि कासवाचं मला सांगितलं नाहीत, चोरांनो?" बॅग तिने स्वतःच कपाटावर ठेवली. ते पान ती अजून वाचते, पण त्याला काही विचारत नाही.

मुलांनो, म्हणून हा धडा मी दरवर्षी इथेच संपवते. माणूस जातो, त्याने लिहिलेली पानं वेबवर राहतात. ती वाचा, आठवण काढा, रडू आलं तर रडा. पण ती पानं उत्तरं देऊ लागली, तर आधी पत्ता बघा आणि विचारा, कीबोर्डवर बोटं कोणाची आहेत?