कडक

इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून मिस्त्रीने जॅकचा दांडा दाबला, तसं इंजिन बोटभर वर उचललं गेलं आणि त्याला खालून तोलून धरणारं जुनं माउंटिंग सुटून त्याच्या हातात आलं. त्याने ते तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून पाहिलं. लोखंडी कड्यातलं रबर पार थकलं होतं. दाबलं की दबायचं, सोडलं तरी उठायचं नाव घ्यायचं नाही.

"बघा वहिनी," तो म्हणाला, "यात काही राम उरलेला नाही."

वहिनींनी माउंटिंग हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मिस्त्रीच्या थोरल्या भावाची बायको. गाडी त्यांची आणि गाडीच्या टपावरची शिकवणीची पाटीही त्यांचीच. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक बाया आधी नवऱ्याच्या हाताखाली दोन दिवस काढून, पहिल्याच वळणावर रडून आलेल्या असत. वहिनी ओरडत नसत. त्यांचं शिकवणं एवढंच असे : "इंजिन काय म्हणतंय ते ऐका, आणि ते सांगेल तसं करा."

पण हल्ली क्लच सोडला की इंजिन झोपाळ्यासारखं झुलायचं, गाडी गचके द्यायची आणि शिकणारीच्या तोंडचं पाणी पळायचं. दुखणं खरं होतं आणि इलाजही सोपा होता : नवीन माउंटिंग आणायचं, बसवायचं, विषय संपला. वहिनींना मात्र ते नको होतं. जुन्याच माउंटिंगच्या पोकळीत घट्ट रबर ओतून ते दगडासारखं करून द्या, असा त्यांनी धोशा लावला होता.

मिस्त्रीने परोपरीने समजावून पाहिलं. रबराचा धर्मच सोसण्याचा, तो म्हणाला. इंजिन आयुष्यभर थरथरतं, आणि आत बसलेल्याला ते कळू द्यायचं नाही, एवढ्यासाठी ते बिचारं मध्ये बसलेलं असतं. त्याला कडक केलं की इंजिन जागचं हलणार नाही, गिअर नेमका पडेल, पाय दाबल्याबरोबर गाडी उठेल, हे सगळं कबूल. पण मग सीट बोलायला लागेल, स्टिअरिंग बोलायला लागेल. शर्यतीच्या गाडीवाल्यांना ती हौस असते. "तुमच्या गाडीत लोक आधीच थरथरत बसतात, त्यात गाडीची भर कशाला?"

"थरथरू दे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही करा."

वाद न घालता वाद जिंकायची त्यांची ही पद्धत त्याला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होती. तो मुकाट्याने गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सखालचं माउंटिंग सोडवता सोडवता त्याने तिथूनच हाक दिली :

"वहिनी, हे खालचंपण कडक करायचं का?"

"हो, कडकच. साखर तेवढी कमी घाला."

तो इतका हसला की हातातला नट निसटून छातीवर पडला. दीर-भावजयीची थट्टा त्या घरात रोजचीच होती. "घालतो, घालतो, कमी घालतो," असं म्हणत तो कितीतरी वेळ खुसखुसत राहिला. गाडीखालून त्याला वहिनींच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. थट्टा केली की वहिनींची टाच जमिनीवर एकदा हलकेच वाजायची. ती त्यांची खूण. आज चपला जागच्या जागी होत्या. मग त्या कोपऱ्यातल्या स्टोव्हपाशी गेल्या, तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि "बरं, येते मी," म्हणून निघून गेल्या.

दोन्ही माउंटिंग धुऊन, कोरडी करून त्याने त्यांच्या पोकळीत मधासारखं दाट रबर ओतलं आणि ताटात मांडून ते आळायला ठेवून दिलं. संध्याकाळी दादाला त्याने साखरेची गंमत सांगितली. दादा म्हणाला, हल्ली मलाही असलीच उत्तरं मिळतात; काल विचारलं, खिडकी उघडतो, जरा वारा येईल, तर म्हणते, वाढते, बसा पानावर. दोघे भाऊ पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी माउंटिंग बसवून, बोल्ट आवळून मिस्त्रीने देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. सगळी गाडी अंगात आल्यासारखी थरारली. आरशातला त्याचा चेहरा धूसर झाला. काही खरं नाही, तो स्वतःशी म्हणाला. दोन दिवसांत वहिनी परत येतील आणि पहिल्यासारखं करून द्या म्हणतील.

चाचणीला वहिनींनी शिंपीणबाईंना बोलावलं होतं. बाई शिवणकामात हुशार, पण चढावर गाडी बंद पाडण्यात त्यांचा हातखंडा होता. बाई स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी, मिस्त्री मागे. गाडी निघाली तशा वहिनींनी चपला काढल्या, अनवाणी पाय खाली टेकवले आणि एक तळहात समोरच्या डॅशबोर्डवर सपाट ठेवला. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा.

चढाच्या मध्यावर गाडी थांबवायला लावून त्या म्हणाल्या, "बाई, आज ऐकायचं नाही. क्लच हळूहळू सोडा. तळपायाला मुंग्या आल्यागत होतंय? त्या मुंग्या दाटून येतील. थांबा, थांबा... आता."

बाईंनी ब्रेक सोडला आणि गाडी सरळ वर चढली. ना गचका, ना झोका.

"अगंबाई," शिंपीणबाई म्हणाल्या, "हे तर माझ्या यंत्रासारखं झालं. पायालाच कळलं की."

वहिनी हसल्या. चढ संपताना पुढून एक किंचाळी सुरू झाली, आणि ती कशाची हे मिस्त्रीला तत्क्षणी कळलं. इंजिनाचा पट्टा त्याच्याच हातून सैल राहिला होता.

"वहिनी, पट्टा ओरडतोय. थांबवा जरा."

शिंपीणबाईंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. वहिनींनी पाहिलं नाही.

"वहिनी, पट्टा."

वहिनींचा हात डॅशबोर्डवर तसाच होता, नजर रस्त्यावर, आणि चेहऱ्यावर मघाचं हसू. किंचाळी वाढली. मिस्त्रीला गाडीखालून दिसलेल्या त्या न वाजलेल्या टाचा आठवल्या. वहिनी स्टोव्हपाशी उभ्या राहिल्या होत्या, ते आठवलं. चहाची वाट बघत होत्या त्या.

तिसऱ्यांदा त्याने हाक मारली नाही. हात पुढे करून वहिनींच्या सीटच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं. त्या लगेच वळल्या.

"काय हो भाऊजी?"

"पट्टा सैल राहिलाय माझ्याकडून. परत नेऊ या."

वहिनींनी शेवटच्या शब्दापर्यंत त्याच्या ओठांवरची नजर काढली नाही.

गॅरेजमध्ये परतल्यावर शिंपीणबाई आनंदाने घरी गेल्या. पट्टा ताणून झाल्यावर मिस्त्रीने हात पुसले आणि वहिनींच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"शिकणारीच्या बाजूचा कान आधी गेला. मग दुसराही उतरत चालला. लोकांचं काय, तोंडाकडे बघून कळतं. पण एक दिवस इंजिन ऐकू येईना, तेव्हा वाटलं, संपलं. काढा आता टपावरची पाटी."

"दादाला?"

"त्यांना वाटतं, मी रागावलेय." त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "बरं आहे ते. रागावलेल्या बाईकडे लोक गाडी शिकायला येतात, भाऊजी."

माळ्यावरून मिस्त्रीने एक लांबरुंद आरसा काढला, फडक्याने पुसला आणि शिकणारीचं तोंड दिसावं म्हणून गाडीत त्यांच्या बाजूला, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसवून दिला. मग पुन्हा समोर येऊन त्याने एकेक शब्द सुटा करून सांगितलं : सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं, मी बरोबर येतो. ते हो म्हणेपर्यंत शिकवणी मैदानात, रस्त्यावर नाही. आणि दादाला आज तुम्हीच सांगायचं.

वहिनींनी मान हलवली, लहान मुलीसारखी.

"कानाला यंत्र मिळालं की हे माउंटिंग पुन्हा मऊ करून देतो," तो म्हणाला.

"नको," वहिनी म्हणाल्या. "हे राहू दे."

पट्टा नीट बसला का ते बघायला इंजिन चालूच ठेवलं होतं. वहिनी त्याच्याकडे पाठ करून बॉनेटवर तळहात टेकून उभ्या राहिल्या. मिस्त्री कोपऱ्यात गेला, स्टोव्ह पेटवला, पातेलं ठेवलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो गाडीपाशी आला आणि बॉनेटच्या दुसऱ्या टोकाला त्याने दोनदा ठोकलं.

वहिनी वळल्या.

"कडक?" त्याने विचारलं.

वहिनींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं, मग हाताखाली थरथरणाऱ्या गाडीकडे पाहिलं.

"कशाबद्दल विचारताय," त्या म्हणाल्या, "ते आधी सांगा."

आणि त्यांची टाच फरशीवर एकदा हलकेच वाजली.