आंगेलच्या कोटाचे खिसे

झाम्फिराच्या घरी कॉफी प्यायची तर डोळे उघडे ठेवूनच, असं वेतुरियाचं ठाम मत होतं. चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी ही बाई इमारतीमागच्या कचऱ्याच्या पिंपांपाशी लोकांनी टाकलेलं उचलून वर आणायची. मोडक्या कपाटाचे खण भिंतीला ठोकून त्यांत मसाल्याच्या बरण्या मांडायची, जेवणाचे काटे वाकवून त्यांवर कप टांगायची. लोक कौतुक करायचे. वेतुरियाला मात्र दर वेळी वाटायचं, हे सगळं खरंच टाकलेलं असतं, की कुणाच्या दारातून आलेलं?

त्या रविवारी चर्चमधून परतताना झाम्फिराने आग्रह केला, म्हणून ती वर गेली. दाराशेजारी काहीतरी नवीन टांगलेलं होतं. फळीवर जाड कापड ताणून त्यावर खिसे शिवले होते. कात्री, चष्मा, कंगवा, सगळं ज्याच्या त्याच्या खिशात. मधल्या खिशावर वेतुरियाची नजर खिळली. तपकिरी कॉर्डरॉय, कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याची टीप. ती तिने स्वतःच घातली होती, आंगेलच्या कोटाला, घरात तपकिरी दोरा नव्हता म्हणून.

आंगेल तिचा नवरा. ईस्टरच्या आधी गेला. चाळिसाव्या दिवशी त्याचे कपडे दान द्यायचे होते, पण तिचे गुडघे धरले होते, म्हणून मुलगा चेझार पोतं भरून गाडीतून घेऊन गेला. कोट दफनभूमीच्या राखणदाराला दिला, 'बोग्दाप्रोस्ते', म्हणजे देव मेलेल्याला क्षमा करो, असं म्हणताना बिचारा रडला, असं त्याने येऊन सांगितलं होतं. घेणाऱ्याच्या तोंडून तो शब्द निघाला की दिलेली वस्तू मेलेल्याला पोचते. नाही निघाला, तर तो तिकडे उघडाच. आंगेल तर जन्मभर थंडीला भ्यायलेला माणूस. तो कोटात आहे, एवढ्या भरवशावर वेतुरियाला झोप लागत होती.

"हा खिसा कुठला गं?"

"मागे पिंपापाशी एक पोतं होतं, मावशी. त्यातला कोट. कोपरं गेली होती, म्हणून कापला."

"माझ्या आंगेलचा कोट तो."

"मला काय माहीत? इथले सगळेच म्हातारे असले कोट घालतात."

"पोतं बितं सांगू नकोस. राखणदाराच्या खुंटीवरून उचललास. चोरटी कुठली."

झाम्फिराने कप खाली ठेवला. "कॉफी संपवा आणि खाली जा, मावशी."

दुसऱ्या दिवशी वेतुरिया गुडघे ओढत दफनभूमीत पोचली. तुझा चोर सापडला, असं राखणदाराला सांगायचं होतं.

"कसला कोट?" तो म्हणाला. "मला कुणी काही दिलं नाही. तुमचा मुलगा तर बापाला पुरल्यापासून इकडे फिरकलाच नाही."

यानेच कोट विकून दारू ढोसली असेल, असं तिच्या मनात आलं. बोलायच्या निमित्ताने ती जवळ सरकली. तोंडाला वास येत होता, पण नुसत्या कांद्याचा.

घरी येऊन तिने चेझारला फोन लावला. "तो राखणदार कोट घेताना काय म्हणाला होता रे?"

"पुन्हा तेच का, आई? बोग्दाप्रोस्ते म्हणाला. रडला."

"कुठल्या हाताने घेतला?"

"दोन्ही हातांनी."

पोरगा जराही अडखळला नाही, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. म्हणजे आंगेल इतके महिने तिकडे कुडकुडत होता, आणि ती इथे निवांत घोरत होती. तिने फोन ठेवला आणि ती जिना चढायला लागली.

झाम्फिराने साखळी न काढताच दार किलकिलं केलं. "आज काय चोरलं मी?"

"काही नाही. पोतं माझ्या मुलानेच मागे पिंपापाशी टाकलं आणि तो माझ्याशी खोटं बोलला. तुला चोर म्हटलं, ते मी परत घेते."

साखळी निघाली, पण झाम्फिरा दारातून हलली नाही.

"तो कोट माझ्या हातात दे," वेतुरिया म्हणाली. "मी तुला देते, आंगेलच्या नावाने. मग तू शब्द म्हण."

"कोट कुठला आता, मावशी? तुकडे झालेत त्याचे."

"असतील तेवढे आण."

झाम्फिराने खिशांची फळी भिंतीवरून उतरवली. एका बाहीची तिने प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबायची नळी केली होती, दुसरीत विणायच्या सुया. पाठीचं कापड बटाट्यांच्या खोक्याला आतून लावलं होतं. बटाटे ओतून तिने खोकंही आणलं. वेतुरियाने एकेक वस्तू हातात घेतली आणि तिच्या हातात परत दिली.

"आंगेलसाठी."

"बोग्दाप्रोस्ते," झाम्फिरा म्हणाली. दर वेळी म्हणाली, घाई न करता.

वेतुरिया तरी निघेना. मग तिने गळ्यातल्या दोरीची गाठ सोडली आणि घराची किल्ली पुढे केली. "मी गेले की माझं कपाट तू रिकामं कर. चेझार यायच्या आत."

"मी सगळं कापून टाकीन हो, मावशी."

"काप," वेतुरिया म्हणाली. "पण कापायच्या आधी शब्द म्हण."