प्रिंटरला दिलेला विसावा

मित्रांनो, उचगावातल्या एका घरात कपाटावर, विटक्या चादरीखाली जो चौकोनी डबा दिसतो ना, तोच मी. मी एक जुना लेसर प्रिंटर. अंगाने धडधाकट, पण एक खोट जन्मापासूनची. बटन बंद झाले की छपाईची सगळी विद्या मी विसरतो. माणसे आठवतात, काम आठवत नाही. पुन्हा चालू केल्यावर संगणकाने एक छोटी फाइल पाठवून मला नव्याने शहाणे करावे लागते. विंडोज हे गुपचूप करायचे, म्हणून माझी झाकली मूठ राहिली होती.

२००६ साली प्रेरणाताईंनी मला राजारामपुरीतल्या दुकानातून आणले, कुणीतरी वापरून विकलेला म्हणून स्वस्तात. लग्नानंतर बारा वर्षांनी त्या एम.फिल. करत होत्या. गुऱ्हाळावरचे शब्द हा त्यांचा विषय. व्हायरसने प्रबंध दोनदा गिळला, तेव्हा चिडून त्यांनी विंडोजच काढून टाकले आणि मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून लिनक्स घातले. दुकानदार म्हणाला, "वैनी, लिनक्सवर ह्यो चालणार न्हाय. उगं डोस्कं फोडून घेशीला."

"द्या तर. बघू कोण आधी दमतंय," ताई म्हणाल्या.

मी त्यांना आठ दिवस छळले. दिवा लुकलुकायचा, कागद हलायचा नाही. ताई सायबर कॅफेत जाऊन शोधायच्या, वहीत आज्ञा उतरवून आणायच्या आणि एकेक करून पाहायच्या. नवव्या दिवशी त्या फाइलीचा पत्ता लागला. पहिले पान सरसरत बाहेर आले, तेव्हा ताईंनी ते गरम पान गालाला लावले. मला फार बरे वाटले. फाइल एकदाच पाठवायची असते, असा मात्र त्यांचा समज झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. चुकला तर नोंदणीच रद्द. रात्रभर बटन चालूच होते, त्यामुळे सकाळी मी साठ पाने झपाट्याने काढली. ताई भाकऱ्या थापायला गेल्या आणि परत येतात तो मी ठार मुका! दिवा विझलेला पाहून त्यांनी बटन दाबले, वायर तपासली, सगळे पुन्हा घातले, वही पहिल्या ओळीपासून गिरवली. मी चालू झालो, पुन्हा पाने काढू लागलो. जेवून आल्या, तर पुन्हा तेच. अजून चाळीस पाने बाकी होती.

"मामा, हितं कोण आलंतं का?" त्यांनी सासऱ्यांना विचारले.

"मीच की," वीरभद्रमामा म्हणाले. "लय तापलंतं, म्हणून बटन बंद केलं. सकाळीबी केलंतं. चाळीस वर्सं गुऱ्हाळाचं इंजान चालवलं मी. इसावा दिल्याबिगार कंचंबी इंजान टिकत न्हाय."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच. "मामा, बंद केलं की ह्ये सगळं इसरतंय. परत शिकवाय लागतंय."

मामांचा चेहरा उतरला. "तुझ्यापायी केलं गं पोरी, आन् तुझंच वाटोळं करायला निघालोतो."

"आता कळलंय न्हवं? बसा हितंच."

या वेळी ताईंनी बटन चालू करून वहीतली फाइल पाठवायची तेवढी एकच ओळ टाइप केली. मी शहाणा झालो. मामा शेजारी बसून पुठ्ठ्याने मला वारा घालत राहिले. चाळिसावे पान आले तसे ताईंनी सगळे उचलले, चपला पायात सरकवल्या आणि बाइंडिंगवाल्याकडे पळाल्या.

घरात मामा आणि मी उरलो. त्यांनी माझ्या गरम झाकणावर हात ठेवला.

"बंद करू का रं आता?"

इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारले नव्हते. मला तोंड नाही, तरी ते थांबले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिला इचारू."

पावणेपाचला ताईंचा फोन आला. प्रबंध जमा झाला होता. मामांनी ऐकून घेतले, डोळे पुसले आणि म्हणाले, "ब्येस झालं. आता ह्याचं बटन बंद करू न्हवं?"

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जीव लावा, जपा, पण आधी विचारा. आणि मामांसारखे उत्तरासाठी थांबा.