नंदाच्या तीन गाण्यांची टेप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हातात धरायचा नव्हे. दोघांनी उचलावा लागणारा, मोठ्या चकत्यांचा. अंधेरीच्या एका स्टुडिओत मी सव्वीस वर्षं राबलो. मला चालवायचे काशीराम. रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्याने ते माझं हेड, म्हणजे टेप जिथं घासत जाते तो भाग, पुसायचे. गायक म्हणायचे, "काशीरामभाऊ, तुमच्या मशिनवर आवाज गोड लागतो." मला फार बरं वाटायचं.

पुढे कॉम्प्युटर आले आणि मी जिन्याखाली गेलो. काशीरामांनी मला टेम्पोत घालून घाटकोपरला घरी आणलं.

"माणसांना जागा नाही, आणि हे धूड कुठं ठेवू?" त्यांची बायको नंदा म्हणाली. पण शिलाई मशीन सरकवून तिनेच मला जागा केली. ती बुद्धविहारात गायची. तिची तीन गाणी काशीरामांनी एकदा माझ्यावर भरून ठेवली होती. गेल्या वर्षी नंदा वारली. तिच्या आवाजाची तेवढी एकच टेप उरली.

ती लॅपटॉपवर उतरवून घेण्यासाठी मुलीने, रेवतीने, सॉफ्टवेअर टाकून दिलं. "बाबा, आधी ट्रॅकवरचं लाल बटण, मग वरचं."

"दोनदा कशाला गं?"

"असंच असतं ते. मी रविवारी येते, तोवर थांबा ना."

काशीराम थांबले नाहीत. शनिवारी दुपारी त्यांनी मला तारेने लॅपटॉपला जोडलं, वरचं बटण दाबलं आणि टेप लावली. नंदा गाऊ लागली. पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचत होत्या. काशीराम डोळे मिटून ऐकत राहिले. मला मात्र कळत होतं, टेपवरचा, आवाज धरून ठेवणारा तपकिरी लेप सुटून माझ्या हेडवर साचतोय. थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं.

रविवारी रेवतीने लॅपटॉप उघडला. "बाबा, यात काहीच आलं नाहीये."

"पट्ट्या हलत होत्या ना!"

"तो नुसता येणारा आवाज दिसतो. ट्रॅकवरचं बटण दाबलंच नव्हतं तुम्ही."

त्यांनी टेप पुन्हा लावली. नुसती खरखर आली. रेवती खाली बसून रडू लागली. "शिकवलं त्या दिवशी मीच थांबायला हवं होतं. मला घाई होती."

काशीरामांनी बोळा घेतला आणि माझं हेड पुसलं. कापूस तपकिरी झाला. तो त्यांनी टाकला नाही. कागदात बांधून नंदाच्या फोटोमागे ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस नवं काही शिकत असेल, तर त्याच्याजवळ बसा. एकदा सांगून उठू नका.