किटलीची जाळी

जुलै उजाडेपर्यंत वीबेच्या अंगात दम म्हणून उरला नव्हता. काम तसं बसल्या जागी करायचं होतं. कालव्यात बोट आली की रस्त्यावरचं फाटक पाडायचं, गाड्या थांबवायच्या, पूल उचलायचा, बोट निघून गेली की पूल खाली. बत्तीस वर्षं तो हेच करत आला होता. पण यंदा पवनचक्कीजवळच्या पुलावरचा हार्के निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. कालव्याच्या ऑफिसातून फोन आला, "एवढा मोसम निभावून न्या." मोसम म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. मग वीबे दोन पुलांमध्ये सायकल हाणू लागला. इकडे पोचावं तर तिकडे भोंगा, तिकडे पोचावं तर इकडे भाड्याच्या बोटीतले जर्मन पाहुणे घड्याळ दाखवतायत.

घरी औक्ये होती. त्याची बायको, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. एकोणीस वर्षांपूर्वी तिला मज्जातंतूंचा आजार जडला. आधी एक पाय जड झाला, मग दोन्ही, मग हात थरथरू लागले. चाकाच्या खुर्चीचीही सवय झाली, पण पायांत पेटके यायचे त्यांची सवय होईना. पोटऱ्या दगडासारख्या आखडायच्या आणि ही बाई उशी दातांत धरून बसायची. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची. शेवटी चार वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी गांजाची वाळलेली फुलं लिहून दिली. औषधाच्या दुकानात पांढऱ्या डबीत मिळायची, डबीवर औक्येचं नाव. ती ओढायची नव्हती, तर एका हातात मावणाऱ्या यंत्रात तापवून त्यांची वाफ घ्यायची होती. विजेरीएवढं काळं यंत्र, बॅटरीवर चालणारं, तापलं की हातात थरथरून सांगणारं. औक्येने त्याचं नाव ठेवलं किटली.

"किटली चढव रे," ती म्हणायची, आणि वीबे फुलं बारीक करून चिमूटभर त्या इवल्या भांड्यात भरायचा. सकाळी एकदा, दुपारच्या सुट्टीत एकदा, संध्याकाळी एकदा. औक्येच्या बोटांना ते जमण्यासारखं नव्हतं.

भरणं सोपं. खरं काम होतं शनिवारचं. यंत्र उघडायचं, भांडं ब्रशने झाडायचं, केसासारख्या तारांच्या दोन जाळ्या काढून स्पिरिटमध्ये भिजत टाकायच्या, वाफ थंड होते ती नळी सुटी करायची, तिच्यातला मधासारखा चिकट काळपट थर कापसाच्या काडीने पुसायचा. रबरी कड्या चार. त्या स्पिरिटमध्ये जास्त वेळ ठेवल्या तर फुगतात. मग सगळं स्वच्छ धुऊन, पुरतं वाळवून पुन्हा जोडायचं. तासभर जायचा. चार वर्षं वीबेने एक शनिवार चुकवला नाही. पुलाच्या दातेरी चाकांना ग्रीस लावणाऱ्या माणसाला ही कामं आवडतात.

जूनमध्ये पहिला शनिवार चुकला. त्या दिवशी शिडाच्या बोटींची शर्यत होती, साठ-सत्तर बोटी गेल्या. घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत, तसाच खुर्चीत झोपला. पुढच्या शनिवारी नुसता ब्रश फिरवला. त्याच्या पुढच्या शनिवारी तोही नाही. मग शनिवार आला की तो स्वतःला म्हणायचा, उद्या करू.

ठाऊक नव्हतं असं त्याला म्हणता येणार नाही. औक्ये वाफ ओढायची तेव्हा आधी हलकी शीळ यायची. ती बारीक होत होत घुसमटल्यासारखी झाली. औक्येचे गाल आत जायचे, तरी तोंडातून बाहेर पडायची ती वाफ जेमतेम. वीबे ते बघायचा आणि दुपारची सुट्टी संपली म्हणून सायकलवर टांग मारायचा.

औक्येने त्याचा भलताच अर्थ लावला. तिला वाटलं, आपल्याच छातीतला जोर सरला. हा आजार पायांतून वर चढतो, श्वासापर्यंतही जातो, हे तिने वाचलं होतं. पेटके वाढले होतेच. जुलैच्या मध्यावर डॉक्टरीणबाई घरी आल्या, छाती तपासली, पाय वाकवून पाहिले.

"यंत्र नीट आहे ना?" त्यांनी वीबेला विचारलं.

"नीट आहे," वीबे म्हणाला. म्हणताना त्याच्या मनात होतं, आज संध्याकाळी धुऊनच टाकतो.

बाईंनी मात्रा वाढवली. अर्धं भांडं भरत होता ते आता पूर्ण भरायचं. त्या संध्याकाळी चक्कीजवळच्या पुलाचं फाटक अडकलं आणि वीबे घरी पोचला तोवर बटाटे निवून दगड झाले होते. यंत्र तसंच राहिलं.

ऑगस्टमध्ये औक्ये बोलायला लागली ते गावाबाहेरच्या शुश्रूषागृहाबद्दल.

"बघून तर येऊ," ती म्हणाली. "नाव घालून ठेवू यादीत. लगेच थोडंच जायचंय."

"कशाला? मी आहे ना."

"तू आहेस, पण आरशात बघितलंस का? आणि माझं उद्या श्वासाचं काही झालं तर तू पूल उचलशील की मला?"

वीबेला तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण मग दोन महिन्यांचा हिशोब द्यावा लागला असता, आणि ते त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "बघू मंगळवारी."

मंगळवारी हार्केला गळ घालून त्याला पुलावर बसवलं आणि दोघं गेले. जागा वाईट नव्हती. खिडकीतून गायरान दिसत होतं, खोल्यांना कॉफीचा वास होता. डाउत्सन नावाची परिचारिका सगळं दाखवत होती. चाळिशीची, धिप्पाड, बोलायला रोखठोक बाई. फिरता फिरता औक्येचे पाय आखडले. तिने चाकं गच्च धरली.

"किटली दे रे," ती दातओठ खात म्हणाली.

बागेतल्या बाकापाशी वीबेने यंत्र भरून दिलं. औक्ये ओढत राहिली. डाउत्सन बघत होती. तिची नजर औक्येच्या गालांवर, मग यंत्रावर गेली.

"मला बघू द्या जरा," ती म्हणाली. "तुम्ही इथं आलात तर हे आमच्याच हातात असेल. आमच्या इथं राहणाऱ्या दोघांकडे असलंच आहे." तिने यंत्र थंड होऊ दिलं, वरचा भाग फिरवून काढला आणि जाळी उजेडात धरली. जाळीतून उजेड आलाच नाही. डांबर फासल्यासारखी काळीठिक्कर.

"अरे देवा! हे धुतलं कधी होतं?"

"मागच्या शनिवारी," वीबे म्हणाला.

डाउत्सनने त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं कितीतरी नवरे, बायका, मुली तिने पाहिल्या असतील, दमलेल्या. ती एवढंच म्हणाली, "मग या शनिवारी नीट धुवा. जाळ्या नव्याच घाला," आणि यंत्र त्याच्या हातात ठेवलं. औक्ये डोळे मिटून पाय चोळत होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. जाताना तिने यादीत नाव घातलं, थरथरत्या हाताने सही केली.

घरी आल्या आल्या वीबे स्वयंपाकघरात शिरला. टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि यंत्राचा भाग अन् भाग सुटा केला. नळीतला थर इतका घट्ट होता, की काडीने निघेना, टाचणीने खरवडावा लागला. स्पिरिट चहासारखं झालं, मग कॉफीसारखं. त्याने ते तीनदा बदललं. खणात तळाशी नव्या जाळ्यांचं पाकीट होतं, एप्रिलमध्ये आणलेलं, न फोडलेलं. त्याने ते फोडलं आणि दोन्ही जाळ्या बदलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नळी पुरती वाळली नव्हती, म्हणून दुपारी त्याने किटली भरली, वाढवलेल्या मात्रेप्रमाणे काठोकाठ. औक्येने सवयीने जोर लावून ओढलं आणि तिला जोराचा ठसका लागला. तोंडातून पांढरी वाफ भस्सकन बाहेर आली. तिने आश्चर्याने वीबेकडे पाहिलं आणि पुन्हा ओढलं. पाच मिनिटांत तिचे खांदे सैल पडले. दहा मिनिटांत ती बेकरीवाल्याच्या कुत्र्याची कसलीशी गोष्ट सांगायला लागली, अर्ध्यावर हसली, विसरली, पुन्हा सुरुवात केली. मग म्हणाली, "खोली फिरतेय रे," आणि डोकं मागे टाकून झोपली ती संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत. वीबे त्या दिवशी पुलावर परत गेला नाही. ऑफिसला फोन केला आणि तिच्या श्वासाकडे बघत बसून राहिला. एवढी मात्रा तिला नकोच होती. आधीचीच पुरेशी होती.

जागी झाल्यावर औक्येने पाय हलवून पाहिले. गुडघे वाकले. चेहऱ्यावर असं काही उजळलं, की वीबेला बघवेना.

"लागू पडलं!" ती म्हणाली. "वाढवलेलं आत्ता कुठे लागू पडलं. मिंकेला फोन लाव."

मिंके म्हणजे तिची धाकटी बहीण. फोन टेबलावर होता. वीबेने तो उचलला नाही. उचलला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. जाळीबद्दल औक्येला कधी कळलं नसतं.

"औक्ये, औषधाने नाही झालं. जाळी तुंबली होती. मी धूतच नव्हतो."

"कधीपासून?"

"जूनपासून."

बाहेर कालव्यातून एक बोट भोंगा देत गेली.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

"आणि काल त्या परिचारिकेला म्हणालास, मागच्या शनिवारी. मी ऐकलं. म्हटलं, मलाच आठवत नसेल." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे वीबे आणखीच खचला. "मी मिंकेला सांगितलं, माझी छाती गेली म्हणून. फोनवर रडली ती, वीबे. रोज सकाळी डोळे उघडले की मी बघायचे, आज काय गेलं. आणि तू समोर बसून माझा श्वास गेलेला बघत होतास?"

वीबेने टेबलावरचं यंत्र सरळ करून ठेवलं.

"बोल ना. जीभ आहे ना तोंडात?"

"दमलोय मी," तो म्हणाला. इतकी वर्षं लोकांनी विचारल्यावर 'चाललंय' म्हणणारा माणूस. तो शब्द बाहेर पडल्यावर तो टेबलाशी बसला.

"ते मला जूनमध्ये सांगायचं होतंस. मला आतली जाळी दिसत नाही. तू सांगशील तेवढंच मला कळतं."

तीन दिवस घरात 'मीठ दे' आणि 'खिडकी लाव' याखेरीज शब्द झाला नाही. डॉक्टरीणबाईंना औक्येने स्वतःच फोन केला, काय घडलं ते काहीही न लपवता सांगितलं, मात्रा पुन्हा अर्ध्या भांड्यावर आली. वीबे रोज संध्याकाळी यंत्र झाडत होता, गरज नसतानाही. चौथ्या दिवशी राय धान्याचा काळा पाव खाता खाता औक्ये म्हणाली, "ते काय उगाळत बसलायस रोज? झिजेल ते."

"बरं."

"आणि यादीतलं नाव मी काढणार नाहीये."

"पण आता तर तुला बरं आहे."

"आहे. पण तू उद्या पुलावर असाच पेंगलास तर? बोटीत माणसं असतात. वरून पूल उतरतो." तिने फोन जवळ ओढला. "त्या ऑफिसचा नंबर सांग."

"तू कशाला करतेस? मी बोलतो."

"तू बोलशील 'चाललंय'. नंबर सांग."

तिने ऑफिसला फोन लावला आणि म्हणाली, "मी पूलवाल्याची बायको बोलतेय. तुमच्याकडे साहेब कोण आहेत ते द्या." पलीकडच्या माणसाला पंचवीस मिनिटं फोन ठेवता आला नाही. शेवटी ठरलं ते असं: चक्कीजवळचा पूल दिवसातून दोनदाच उघडायचा, आणि शनिवारी दुपारनंतर वीबेला सुट्टी. बोटवाले कुरकुरले, दोघांनी पत्रं लिहिली. हार्केच्या जागी माणूस मात्र शेवटपर्यंत आला नाही.

किटली धुण्याचं काम मिंकेने घेतलं. तिला सगळं कळल्यावर ती वीबेशी आठवडाभर बोलली नाही, आणि मग एका शनिवारी साखरपाव घेऊन दारात हजर झाली. "तू आत जाऊन पड," ती त्याला म्हणाली. "तुझं तोंड बघून दूध नासेल."

वीबे आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. दार अर्धवट उघडं होतं. स्पिरिटचा वास आला, मग काहीतरी जमिनीवर पडून टपटप उडत गेल्याचा आवाज.

"शी! ती कडी गेली कपाटाखाली."

"चारच आहेत गं त्या, मिंके."

"मला माहितीय चार आहेत. मोठी वर की खाली?"

"वर."

"वर बसत नाहीये."

"मग खाली असेल. मला काय विचारतेस? मी चार वर्षं नुसती ओढतेय."

मोठी कडी वरही नव्हती आणि खालीही नव्हती. ती नळीच्या आतल्या खाचेत बसते, आधी थोडी ओली करून. वीबेला हाक मारून सांगावंसं वाटलं. त्याने तोंड उघडलंही. पण बाहेर दोघी बहिणी एकमेकींवर खेकसत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि उशी गार होती. लागेल त्यांना तास, त्याने मनाशी म्हटलं, आणि भिंतीकडे कूस वळवली.