सोमाचं अठरावं पद

आंधळा सोमा कधी जन्मलाच नव्हता, आणि बुधवारी दुपारी त्याची पुण्यतिथी होती.

हा घोळ शकुबाईनं स्वतःच्या तोंडानं घातला होता. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात तिच्या गावात बायकांचं भजनी मंडळ होतं आणि शकुबाई त्यात मागच्या रांगेत बसून टाळ वाजवायची. बावीस वर्षांपूर्वी एकदा तिनं धीर करून चुलीपाशी जुळवलेलं एक पद म्हटलं. शब्द तिचे, चालही तिचीच. बायका डोलल्या. मग पेटी वाजवणाऱ्या सत्यभामाबाईंनी विचारलं, कुणाचं गं हे? पदाच्या शेवटच्या ओळीत ते करणाऱ्याचं नाव यावं लागतं, नाहीतर मंडळ ते म्हणत नाही. आपण चौथी शिकलेली बाई, स्वतःचं नाव घालायचं ते कुठल्या तोंडानं? माझ्या माहेरी सोमा म्हणून एक आंधळा आहे, त्याचं आहे, असं ती बोलून गेली आणि तिथल्या तिथे शेवटच्या ओळीत ‘सोमा म्हणे’ बसवून मोकळी झाली.

मोकळी कसली, अडकली. हे पहिलं धरून पुढं एकूण सतरा पदं झाली आणि सतराही सोमाच्या नावावर गेली. बायका विचारत गेल्या तशी शकुबाई सोमाच्या अंगावर एकेक गोष्ट चढवत गेली: त्याची काठी, त्याचा खोकला. चला एकदा भेटून येऊ, असं बायका म्हणायला लागल्या तेव्हा तिनं त्याला मारून टाकलं. नवऱ्याला, हणमंतरावांना, यातलं एवढंच ठाऊक की अधूनमधून आमटी करपते. ताट सरकवून ते म्हणत, ध्यान कुठं असतं तुजं.

गेल्या वर्षी कडगंचीच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या विजयश्री मॅडम गावात आल्या. त्यांनी मोबाइलवर सगळी पदं भरून घेतली. बाई गुणी, पण फार बारीक विचारणारी. आंधळ्या माणसाला चुलीतलं इतकं कसं कळायचं, असं त्यांनी विचारलं. एकटाच होता, हातानं करून खायचा, शकुबाई म्हणाली. मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग छोटं पुस्तक निघालं, ‘आंधळ्या सोमाची समग्र पदं’. मंडळाला कोण अभिमान! दरसाल पुण्यतिथी करायची ठरली, आळंदच्या पेंटरकडून तसबीर काढून घेतली. चेहरा सांगताना शकुबाई इतकी गडबडली की तिनं सोमाला आपल्या वडिलांचं नाक देऊन टाकलं.

समग्र म्हणजे काय, हे तिनं मॅडमना विचारलं होतं. म्हणजे सगळी, आता आणखी नाहीत, असं मॅडमनी सांगितलं, आणि शकुबाईच्या पायाखालची जमीन सरकली. कारण अठरावं पद चार महिन्यांपासून तिच्या गळ्यात होतं. मेलेला माणूस नवं पद कसं करणार? ते आता कुणाच्या नावावर जायचं? तिला एकोणसाठावं लागलं होतं. असंच गिळत गिळत मरायचं, या विचारानं तिला अन्न जाईना. आणि खरं सांगावं तर लोक हसतील, या विचारानं झोप येईना.

बुधवारी मारुतीचं देऊळ भरलं होतं. तसबिरीला हार घातला होता. तुझ्या माहेरचा माणूस, पहिलं पद तू म्हण, असं सत्यभामाबाईंनी सांगितलं. शकुबाई उठली आणि तिनं अठरावं पद धरलं. कुणी न ऐकलेली चाल, तरी बायकांचे टाळ मागून येत होते. शेवटच्या ओळीपाशी तिचा आवाज चिरकला, पण तिनं म्हटलं:

‘शकू म्हणे देवा, धूर गेला डोळां, तरी माझा गळा बंद नाही.’

पेटी थांबली.

“सोमाचं नाव कामून काढलीस?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“काढले न्हाई अक्का. सोमा नव्हताच. समदी पदं माजी हायेत.”

कुणीतरी हसलं. सत्यभामाबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, “मेलेल्या माणसाची पदं लाटायलीस व्हय गं?”

पुण्यतिथीला मुद्दाम आलेल्या विजयश्री मॅडमनी पुस्तक उघडून हळूच दाखवलं. सोमाचं गाव, आजार, मरणाचं साल, सगळं शकुबाईनंच सांगितलेलं. तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला तीच होती. तिनं पुरुषांकडे पाहिलं. हणमंतराव पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. शेजारच्या बाईनं तिच्या हातातले टाळ काढून घेतले आणि मंडळानं सोमाचं पहिलं पद सुरू केलं. तिचीच चाल तिच्या मागोमाग देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आली.

घरी येऊन तिनं आमटी टाकली. काहीही झालं तरी संध्याकाळी आमटी टाकावीच लागते. ती चुलीपाशी बसून खूप रडली. आता गळ्याला कुलूप घालायचं, पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि ते बजावतानाच एक ओळ आली. मग तिच्यामागं दुसरी. इतकी शोभा होऊनही ही येतेच कशी, याची तिला लाज वाटली, पण ओठ हलायचे थांबेनात.

करपल्याचा वास आला तेव्हा ती दचकून उठली. हणमंतराव कधी आले होते कोण जाणे. धोतराच्या सोग्यानं पातेलं धरून त्यांनी ते खाली उतरवलं होतं.

“आजची धरून एकोणीस बार करपली,” ते म्हणाले. “मी मोजलाव. तितं सांगाया पायजे होतं. मला धीर झाला न्हाई.”

ते पाटावर टेकले, करपलेली आमटी त्यांनी स्वतःच ताटात वाढून घेतली.

“म्हण तू,” ते म्हणाले. “शेवटाला नाव इसरू नको.”

देवळात सोमाची आरती चालू होती. शकुबाईनं पदर सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून म्हणायला घेतलं.