पोयट्याखालचा मुरूम

उताराच्या वरच्या अंगाला पाय पडला की मुरूम करकरायचा. तिथं माती बोटभर, गवताचे झुबके विरळ, ओतलेलं पाणी बघता बघता गडप. खालची माती मात्र पोयट्याची. भिजवून मुठीत दाबली तर गोळा होणारी. तिथं गुरांसाठी तळं खणायचं होतं. पाणी टिकेल की नाही, ते मातीचे नमुने तपासून सांगायचं काम तिचं.

खड्डा खणायला सासरे होते. उभा जन्म विहिरी खणण्यात गेलेला, घरी बसणं न मानवणारा माणूस. “सूनबाई, तुझी पदवी कागदावर, माझी नखांत,” असं चिडवत ते सकाळीच खाली उतरले होते.

आता खड्डा डोक्याइतका खोल झाला होता. वरचा पोयटा सुरीनं कापल्यासारखा ताठ उभा होता. पण त्याच्या खाली, छातीच्या उंचीवर, तिला मुरमाचा पट्टा दिसला. त्यातून खडे घरंगळत होते, फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तसे. खालचा मुरूम निसटला की वरचा पोयटा अधांतरी. ती काठावरून ओरडली.

“बाबा, वर या.”

ते पाठमोरे तळ खरवडत राहिले.

“बाबा, ऐकताय ना? आधी वर या.”

त्यांनी मान वळवलीच नाही. ती शिडीकडे धावली, तोच भिंत खचली. फारसा आवाजही झाला नाही. धूळ खाली बसली तेव्हा सासरे छातीपर्यंत गाडले गेले होते.

काठावर उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर दोर घेऊन पळत आला. “काखेत बांधू, गाडीनं ओढू.”

“नाही. कंबर मोडेल त्यांची. आधी गाडी काठापासून लांब ने आणि पाण्याचा कॅन आण.”

“ताई, वेळ जातोय.”

“म्हणूनच सांगतेय.”

ती उतरली. एक घमेलं उपसावं, तर खचलेल्या भिंतीतून अर्धं परत यायचं. सासऱ्यांनी श्वास सोडला की छातीभोवती मुरूम आणखी आवळायचा. त्यांचे ओठ निळसर पडत चालले होते. हा मुरूम नुसता उपसून भागणार नव्हतं. त्याला अडवायला हवं होतं. तिनं नमुन्यांच्या पिशव्या उलट्या केल्या, दिवसभराचं काम पायाशी ओतलं. पडलेला पोयटा प्यायच्या पाण्यात भिजवून पिशव्यांत कोंबला आणि त्या मुरमाच्या तोंडाशी ठोकून बसवल्या. एक, दोन, सात. घरंगळणं मंदावलं, मग थांबलं.

“हळू श्वास घ्या, बाबा.”

ते टक लावून तिच्या ओठांकडे बघत होते.

ड्रायव्हर आणि ती हातांनी उकरत राहिले. तासाभरानं गुडघे मोकळे झाले. दोघांनी त्यांना शिडीवरून वर घेतलं आणि गवतावर निजवलं. पाय हलत होते. ड्रायव्हर गाडी आणायला गेला, तेव्हा तिचा राग उफाळून आला.

“दोनदा हाक मारली मी. हट्टाला काही सुमार?”

त्यांनी तिच्या ओठांवरची नजर खाली घेतली. मग म्हणाले, “ऐकूच आलं नाही गं. वर्ष झालं. समोरून बोललं की कळतं, पाठीमागचं नाही. सांगितलं असतं तर नेलं नसतंस मला.”

ती त्यांच्या समोर येऊन बसली. त्यांना दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “आता दवाखान्यात पाय दाखवायचे. कानही. आणि यापुढं खड्ड्यात मी उतरणार.”

“आणि मी?”

“तुम्ही काठावर. माझ्यावर नजर ठेवायला.”

त्यांनी मान डोलावली आणि तिचा चिखलानं माखलेला हात घट्ट धरून ठेवला.